आवाजामागचा माणूस

(फोनवर ऐकू येणारा आवाज आणि त्यामागचा माणूस एकच असेल, असे नाही. हे न ओळखल्यामुळे शहाणीसुरती माणसेही फसतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी या पाठात स्वतःवर आलेला प्रसंग सांगितला आहे आणि अनोळखी माणसाची ओळख कशी पटवून घ्यावी, हे समजावून दिले आहे.)

मुलांनो, मी छत्तीस वर्षे शिक्षकाचा व्यवसाय केला. वर्गात हजेरी घेताना एक नियम मी कटाक्षाने पाळीत असे. नाव पुकारल्यावर 'हजर' असा आवाज आला, तरी मान वर करून त्या मुलाचा चेहरा पाहावयाचा आणि मगच पटावर खूण करावयाची. कारण गैरहजर मित्राच्या नावावर 'हजर' म्हणणारे जिवलग प्रत्येक वर्गात असतातच! नुसत्या आवाजावर हजेरी मांडू नये, असे मी नव्या शिक्षकांनाही बजावीत असे. निवृत्तीनंतर मात्र एके दिवशी हा धडा मी स्वतःच विसरलो आणि माझ्या नातीने मला तो पुन्हा शिकविला.

नोव्हेंबर महिना होता. आम्हां निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी या महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो पोहोचला नाही, तर निवृत्तिवेतन थांबते. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो आणि सातवीत शिकणारी माझी नात शेजारी गणिते सोडवीत होती. इतक्यात फोन वाजला. क्रमांक अनोळखी होता. पण बोलणे मोठे अदबशीर. "नमस्कार सर, पेन्शनच्या कार्यालयातून बोलतो," असे म्हणून त्या गृहस्थाने माझे पूर्ण नाव सांगितले, मी कोणत्या साली निवृत्त झालो ते सांगितले आणि बँकेतील माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडेही अचूक सांगितले. मग तो म्हणाला, "सर, आपला हयातीचा दाखला अजून आलेला नाही. आज पाच वाजेपर्यंत नोंद झाली नाही, तर पुढील महिन्यापासून पेन्शन बंद होईल. या वयात आपणांस हेलपाटा नको, म्हणून मीच येथून नोंद करून देतो. आपल्या फोनवर आता सहा आकडे येतील, तेवढे मला वाचून दाखवा."

घड्याळात साडेचार वाजले होते. माझ्या छातीत धस्स झाले. पेन्शन बंद पडली तर घरखर्च कसा भागणार, औषधे कोठून आणणार, असे नाना विचार मनात आले. तेवढ्यात संदेश आला. त्यात सहा आकडे होते आणि त्याखाली 'हे आकडे कोणासही सांगू नका' असे स्पष्ट लिहिले होते. मी ते वाक्य वाचले. परंतु ते माझ्यासाठी लिहिलेले आहे, असे काही मला वाटले नाही! मी चष्मा सावरला आणि वाचू लागलो, "चार... सात... दोन..."

तोच नातीने माझा हात धरला आणि हळूच विचारले, "आबा, त्यांनी तुम्हांला ओळखले, पण तुम्ही त्यांना ओळखलेत का?"

मी थबकलो. मग फोनमध्ये म्हणालो, "आपण नाव सांगा. मी बँकेत चौकशी करतो आणि नंतर बोलतो." त्यासरशी त्या आवाजातील सारा गोडवा नाहीसा झाला. "फोन ठेवू नका! ठेवलात तर पुढची जबाबदारी तुमची!" तो दरडावून म्हणाला. मी फोन ठेवला. माझा हात थरथरत होता.

बँक बंद होण्याची वेळ झाली होती. म्हणून बँकेच्या पुस्तिकेवर छापलेल्या क्रमांकावर फोन करून मी सारी हकिगत कळविली आणि खाते सुरक्षित असल्याची खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. तेथील यादीत माझ्या नावासमोर माझीच सही होती! महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन ती केली होती. भीतीने मला माझी स्वतःची सही विसरावयास लावले होते. ते सहा आकडे दाखल्याचे नव्हतेच. माझ्या खात्यातील पैसे काढून घेण्यासाठी लागणारी ती किल्ली होती. यालाच ओटीपी म्हणतात. एकाच वेळी एकदाच उघडणाऱ्या कुलपाची ही किल्ली. सहापैकी तीन आकडे मी चोराच्या हाती दिले होते.

त्या माणसाला माझी इतकी माहिती कशी मिळाली, असे तुम्हांला वाटेल. आपण ठिकठिकाणी अर्ज भरतो, कागदपत्रांच्या प्रती देतो, दुकानात फोनचा क्रमांक सांगतो. अशी माहिती या हातातून त्या हातात जाते आणि कधी कधी विकलीही जाते. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपली माहिती असणारा माणूस हा आपल्या ओळखीचा असतोच, असे नाही.

फोनवरील माणसावर आपण इतक्या सहज विश्वास का ठेवतो? मला वाटते, याचे एक कारण जुन्या सवयीत आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे परगावचा फोन केंद्रातील माणूस जोडून देत असे. माझ्या लहानपणी आमच्या गावी टपाल कचेरीत जाऊन 'ट्रंककॉल' नोंदवावा लागे आणि मग तासन् तास वाट पाहावी लागे. शेवटी केंद्रातील माणूस सांगे, "पुण्याचा फोन आहे, बोला." फोन करणारा आणि फोन घेणारा यांच्यामध्ये असा एक तिसरा माणूस जागा असे. पुढे १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांच्या दरम्यान परगावी थेट फोन लावण्याची सोय झाली आणि ती हळूहळू देशभर पसरली. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणीही क्षणार्धात आपल्या उशाशी येऊन बोलू शकतो. मधला माणूस गेला. त्याचे काम मात्र शिल्लक राहिले. 'कोण बोलते आहे?' हे विचारण्याचे ते काम आता आपणच केले पाहिजे.

"पण फोनच्या पडद्यावर क्रमांक दिसतो ना?" असे तुम्ही म्हणाल. क्रमांक अवश्य पाहावा. आपल्या देशातील भ्रमणध्वनीचा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ या आकड्याने सुरू होतो. त्यापूर्वी दिसणारे ९१ हे आपल्या देशाचे चिन्ह. तेथे दुसराच आकडा दिसला आणि परदेशी आपले कोणी नसेल, तर सावध व्हावे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने आणि बँकांच्या कामकाजाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. तेव्हा साध्या दहा आकडी क्रमांकावरून कोणी 'बँकेतून बोलतो' म्हणाला, तर शंका घेण्यास जागा आहे. तथापि एवढ्यावर विसंबून चालत नाही. इंटरनेटच्या साहाय्याने फोन करणाऱ्यांना खरा क्रमांक लपवून दुसराच क्रमांक दाखविता येतो. परदेशातून येणारे आणि भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालणारे असे फोन अडविण्यासाठी सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये एक खास यंत्रणा सुरू करावी लागली. काही ॲप्स फोन करणाराचे नाव दाखवितात. परंतु ते नाव पुष्कळदा इतर लोकांनी नोंदविलेले असते. ते खरे असेलच, याची हमी कोण देणार? पोलिसाच्या गणवेशातील छायाचित्र तर कोणीही लावू शकतो.

आणि आवाज? तोही आता विश्वासाचा राहिलेला नाही. रामायणातील मारीचाची कथा तुम्हांला ठाऊक आहे. सुवर्णमृगाचे रूप घेऊन त्याने श्रीरामांना पंचवटीतील पर्णकुटीपासून दूर नेले आणि मरताना रामाच्याच आवाजात लक्ष्मणाला व सीतेला हाक मारली. सीतेने तो आवाज खरा मानला. व्याकूळ होऊन तिने लक्ष्मणाला वनात पाठविले. पुढे रावण आला तोही भिक्षेकऱ्याच्या वेषात! आधी आवाज खोटा, मग वेषही खोटा. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एखाद्याच्या आवाजाच्या थोड्याशा नमुन्यावरून त्याच्यासारखा हुबेहूब आवाज तयार करता येतो. मुलाच्या रडवेल्या आवाजात आईला फोन येतो, "आई, मला अपघात झाला आहे, लगेच पैसे पाठव." आईचे काळीज ते, तिला शंका कोठून येणार?

फसविणारे हजार सोंगे घेतात, परंतु त्यांची शस्त्रे चारच असतात. ही शस्त्रे ओळखता आली, तर कोणतेही नवे सोंग आपल्याला ओळखता येईल.

पहिले शस्त्र भय. 'तुमचे वीजजोड तोडू', 'तुमच्या नावावर आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत', 'तुमच्या मुलाला पकडले आहे' असे सांगून माणसाची विचारशक्तीच बधिर करावयाची. अलीकडे 'डिजिटल अरेस्ट' या नावाखाली अनेकांना असेच छळण्यात आले. खोटा पोलीस अधिकारी फोनच्या पडद्यावर दिसतो आणि तासन् तास खोलीतून हलू देत नाही. मुलांनो, फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधानांनीही हे स्पष्ट करून थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा सल्ला देशाला दिला होता.

दुसरे शस्त्र लोभ. न काढलेल्या सोडतीचे बक्षीस, घरबसल्या मिळणारी नोकरी, दामदुप्पट करणारी योजना. येथे यूपीआयचा एक नियम पाठच करून ठेवा. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी; घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. 'तुम्हांला पैसे पाठवितो, तुमचा पिन दाबा' असे जो म्हणतो, तो पैसे देत नसून नेत असतो.

तिसरे शस्त्र घाई. 'पाच वाजेपर्यंत', 'आत्ताच्या आत्ता', 'फोन न ठेवता'. खरे काम उद्यापर्यंत थांबू शकते. खोट्या कामाला मात्र उद्या उजाडणे परवडत नाही. याच घाईत कोणी फोनवर एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो. कधी ते लग्नपत्रिकेच्या नावाने येते, तर कधी वाहनाच्या दंडाच्या पावतीच्या नावाने. ते उघडले, की आपला फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याचा धोका असतो.

चौथे शस्त्र सर्वांत घातक, ते म्हणजे गुप्तता. 'घरात कोणाला सांगू नका' असे कोणी म्हणाला, की तेच वाक्य प्रथम घरात सांगावे!

मग ओळख पटवावयाची कशी? उपाय अगदी सोपा आहे. फोन ठेवावा. ज्या माणसाचे किंवा कार्यालयाचे नाव सांगितले गेले, त्याचा क्रमांक आपल्या वहीतून, बँकेच्या पुस्तिकेवरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून स्वतः शोधावा आणि तेथे आपण होऊन फोन करावा. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर मात्र कधीही करू नये. चोराने दिलेला साक्षीदार चोराच्याच बाजूने बोलणार. घरच्या माणसांनी आपसांत एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. रात्रीच्या वेळी पहारेकरी परवलीचा शब्द विचारल्यावाचून दार उघडीत नसत. आवाज सरदाराचा वाटला, तरी शब्द बरोबर यावा लागे. आपल्या घराच्या दारालाही आज अशा परवलीची गरज आहे.

तुम्हांपैकी काहींना वाटेल, मोठ्या माणसाला उलट विचारणे किंवा त्याचा फोन मध्येच ठेवणे हा उद्धटपणा नाही का? हा प्रश्न रास्त आहे. मोठ्यांनी विचारले तर नम्रपणे उत्तर द्यावे, असे आम्हीच तुम्हांला शिकविले. परंतु नम्रता म्हणजे दार सताड उघडे टाकणे नव्हे. 'क्षमा करा, मी खात्री करून घेतो आणि मग बोलतो' हे वाक्य पूर्णपणे नम्र आहे. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही; खोट्याला येतो. त्याचा राग हीच त्याची ओळख!

आता एक शेवटची गोष्ट. माझे एक स्नेही माझ्यासारखेच निवृत्त शिक्षक. त्यांना असाच खोट्या पोलिसाचा फोन आला. दोन दिवस ते खोलीचे दार लावून बसले आणि आयुष्यभराची शिल्लक त्यांनी परक्याच्या खात्यात भरली. फसल्याचे लक्षात आल्यावरही ते कोणाशी बोलले नाहीत. लोक काय म्हणतील, मुले काय म्हणतील, या लाजेने त्यांनी चार दिवस अन्न गोड मानले नाही. पाचव्या दिवशी मुलाने खोदून खोदून विचारले, तेव्हा सारे बाहेर आले. परंतु चोरीचा पैसा या खात्यातून त्या खात्यात फार वेगाने पळतो. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार केली, तर तो वाटेत अडविता येण्याची शक्यता बरीच असते. चार दिवसांनी फारसे काही हाती लागत नाही. त्यांच्या बाबतीत तेच झाले.

मी त्यांना भेटावयास गेलो. ते म्हणाले, "पैसे गेले याचे दुःख आहेच, पण मला कोणापाशी तोंड उघडता आले नाही, याचे अधिक आहे." तेव्हा मी त्यांना माझ्या तीन आकड्यांची हकिगत सांगितली. तोपर्यंत मीही ती नातीखेरीज कोणालाच सांगितली नव्हती! मुख्याध्यापक होतो ना! ते माझ्याकडे पाहतच राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. मी आधी बोललो असतो, तर कदाचित ते सावध राहिले असते. ही खंत माझ्या मनातून जात नाही. हा पाठ मी लिहिला, तो त्याचसाठी.

म्हणून मुलांनो, घरात कोणी फसले, तर त्याला हसू नका आणि रागावूही नका. फसणे हा गुन्हा नव्हे. फसविणे हा गुन्हा आहे. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावयास सांगा आणि बँकेला कळवा. सायबर गुन्ह्यांची तक्रार नोंदविण्यासाठी हा क्रमांक देशभर चालतो. पैसे गेले नसले, तरी संशयास्पद फोनची माहिती सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर कळविता येते. आपण कळविलेल्या एका क्रमांकामुळे दुसऱ्या कोणाचे तरी आजोबा वाचतील.

आणखी एक सांगतो. फोन करणारे सारेच पिढीजात चोर नसतात. परदेशी चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या आणि तेथे कोंडून हेच काम करावयास लावलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरून विमानाने मायदेशी आणावे लागले. तेही प्रथम एका गोड आवाजालाच भुलले होते.

माझ्या घरी आता फोनजवळ नातीने एक चिठ्ठी चिकटविली आहे. तिच्यावर तिचाच प्रश्न आहे : 'तुम्ही त्यांना ओळखलेत का?' फोन वाजला, की मी प्रथम तिकडे पाहतो. आवाजावर हजेरी मांडावयाची नाही. मान वर करून माणूस पाहावयाचा. छत्तीस वर्षे दुसऱ्यांना शिकविलेला हा धडा आता कोठे मला पाठ झाला आहे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे द्या.
(अ) हजेरी घेताना लेखक कोणता नियम पाळीत असत?
(आ) नातीच्या प्रश्नामुळे लेखक का थबकले?
(इ) यूपीआयचा कोणता नियम लेखकाने पाठ करावयास सांगितला आहे?

२. पुढील प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) 'मधला माणूस गेला. त्याचे काम मात्र शिल्लक राहिले.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) मारीचाच्या कथेचा आणि आजच्या फसवणुकीचा संबंध लेखकाने कसा जोडला आहे?
(इ) फसविणाऱ्यांची चार शस्त्रे कोणती? त्यांपैकी लेखकावर कोणती चालविली गेली, ते पाठाच्या आधारे दाखवा.

३. कारणे द्या.
(अ) लेखकाला स्वतःच्या सहीचा विसर पडला.
(आ) लेखकाच्या स्नेह्यांचे पैसे परत मिळाले नाहीत.

४. वाक्यांत उपयोग करा : छातीत धस्स होणे, अन्न गोड न मानणे, सोंग घेणे, तोंड उघडणे.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा : नम्र, मायदेश, हजर, गुप्त.

६. उपक्रम : आपल्या आजीआजोबांना हा पाठ वाचून दाखवा. त्यांना असा फोन आला होता का, ते विचारा आणि त्यांची हकिगत दहा ओळींत लिहा. घरातील सर्वांनी मिळून एक परवलीचा शब्द ठरवा. तो मात्र वहीत लिहू नका!